मध्यरेषा सरकली आहे, पण नक्की सरकलंय कोण?

आरशासमोर उभे राहा. दात साफ करायचा फ्लॉस घ्या, तो नसला तर शिवणाचा दोरा चालेल. एक टोक कुंकू लावतो त्या जागी, दोन भुवयांच्या मधोमध धरा आणि दुसरं हनुवटीच्या मध्यावर. दोरा ताणून धरा आणि दात दिसतील असं हसा. वरच्या दोन मोठ्या पटाशीच्या दातांमधली रेघ दोऱ्याखाली लपली, तर तुमची वरची मध्यरेषा चेहऱ्याशी जुळलेली आहे. आता दाढा मिटा, ओठ बाजूला करा आणि खालच्या मधल्या दोन दातांमधली रेघ शोधा. ती वरच्या रेघेच्या बरोबर खाली येते का?

बहुतेकांची येत नाही. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वरची मध्यरेषा चेहऱ्याच्या मध्याशी जुळणारे लोक साधारण ७० टक्के निघाले. वरची आणि खालची रेघ एकमेकींशी न जुळणारे मात्र जवळजवळ तीन चतुर्थांश होते. म्हणजे तुमच्या रेघा जुळत नसतील तर तुम्ही बहुमतात आहात.

मी दातांना तारा लावणारी डॉक्टर, ऑर्थोडॉन्टिस्ट. हल्ली माझ्याकडे येणारे बरेच जण मोबाइलमधल्या स्वतःच्या फोटोवर लाल रेघ ओढूनच येतात. "मॅडम, माझी मिडलाइन दोन मिलिमीटर डावीकडे गेलीय." तपासल्यावर ती उजवीकडे निघते, कारण समोरच्या कॅमेऱ्याने फोटो आरशासारखा उलटा करून ठेवलेला असतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "तारांनी मधोमध येईल ना?"

येईल. पण कशी येईल, किती दिवसांत येईल आणि दात काढावा लागेल का, हे सगळं एका वेगळ्याच प्रश्नावर अवलंबून असतं. सरकलंय कोण? वरचे दात, खालचे दात, की अख्खा जबडा? रेघ हा फक्त पुरावा आहे. त्यावरून गुन्हेगार ओळखायचा असतो.

आधी संशयितांची ओळखपरेड

पहिला संशयित फुकटचा पकडला जातो, तो म्हणजे नाक. नाक थोडं वाकडं असणारी माणसं पुष्कळ असतात. नाकाच्या शेंड्यावरून रेघ ओढली की सरळ दातही तिरके वाटायला लागतात. म्हणून आम्ही नाकापेक्षा नाकाखालच्या, वरच्या ओठावरच्या पन्हळीवर जास्त विश्वास ठेवतो. तपासणीही पेशंटला खुर्चीत ताठ बसवून, समोरून करायची. आडवं झोपवून डोक्यामागून पाहिलं तर दोन-तीन मिलिमीटर सहज इकडचे तिकडे होतात.

मग मी तोंड सावकाश उघडायला सांगते, सावकाश मिटायला सांगते आणि दात एकमेकांना पहिल्यांदा टेकतात तिथे थांबायला सांगते. पुढे पूर्ण चावायला सांगते. या तीन ठिकाणी मध्यरेषा कुठे आहे एवढंच पाहायचं. साधी गोष्ट, पण हिच्यामुळे अर्धं निदान होतं.

एक आई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. "ह्याचा जबडा वाकडा आहे हो डॉक्टर, ह्याच्या आजोबांचाही तसाच होता." पोराने तोंड उघडलं तेव्हा हनुवटी बरोबर मधोमध होती. मिटताना दात टेकले तिथपर्यंतही ठीक. शेवटच्या क्षणाला खालचा जबडा खसकन डावीकडे सरकला आणि मगच दाढा बसल्या. वाकडं काहीच नव्हतं. वरचा जबडा अरुंद होता, सुळ्यांचे शेंडे शेंड्यांवर आपटत होते, आणि ते टाळून नीट चावायला मुलाने आपली पळवाट शोधली होती. अशा वेळी समोरच्या दातांना ओढून काही उपयोग नाही. टाळूला बसवायचं, किल्लीने फिरवून वरचा जबडा रुंद करणारं उपकरण असतं. किल्ली एकदा फिरवली, म्हणजे पाव फेरी दिली, की साधारण पाव मिलिमीटर. टाळूच्या मधला सांधा लहानपणी पक्का जुळलेला नसतो, म्हणून हे काम वयात येण्याआधी झालेलं बरं. वरची कमान रुंद झाली की पळवाटेची गरज उरत नाही आणि खालची रेघ पुष्कळदा आपणहून मधे येते. आजोबा निर्दोष सुटले.

तेच पोर अठरा वर्षांचं होऊन आलं असतं तर गोष्ट निराळी असती. एका बाजूला सरकून चावत वाढलेला जबडा पुढे खरोखरच तिरका वाढू शकतो.

आता दातांकडे. दात का सरकतात हे समजायला मुंबईची लोकल आठवा. तिघांच्या सीटवर चौथा टेकतो. मधला कुणी उतरला की उरलेले नकळत पसरतात. कुणी आडव्या अंगाचा बसला की कडेचा बाहेर लोंबतो. दातांची रांग अगदी अशीच वागते. कुणी गेला की शेजारी त्या दिशेला सरकतात.

सगळ्यात नेहमीचं उदाहरण दुधाच्या सुळ्याचं. दातांची गर्दी असलेल्या मुलांमध्ये पक्के पटाशीचे दात येताना एका बाजूचा दुधाचा सुळा कधीकधी वेळेआधीच ढकलून पाडला जातो. दुसरा जागेवर असतो. महिन्या-दोन महिन्यांत समोरचे चारही दात मोकळ्या बाजूला कलतात. आईवडिलांना वाटतं दुधाचाच दात पडला, पडू दे. म्हणूनच काही वेळा आम्ही दुसऱ्या बाजूचा चांगला दुधाचा सुळाही काढायला सांगतो. घरचे दचकतात, पण हेतू एवढाच असतो की पसरायचंच असेल तर दोन्हीकडे सारखं पसरावं आणि रेघ मधे राहावी.

कधी पटाशीच्या बाजूचा छोटा दात जन्मतःच नसतो, किंवा असतो पण तांदळाच्या दाण्याएवढा टोकदार. कधी दोन पटाशींच्या मधे हाडात एखादा जास्तीचा दात दडलेला असतो. अंगठा चोखायची सवय असते, कीड लागून एका बाजूची दाढ लवकर काढलेली असते. ही सगळी दातांची कारणं. जबड्याच्या कारणांत एक आपल्याकडे वरचेवर दिसतं, ते म्हणजे लहानपणी हनुवटीवर पडणं. हनुवटी फुटते, टाके घालतात, सगळे विसरतात. पण मार कानाजवळच्या सांध्याला बसलेला असतो आणि त्या बाजूचा जबडा कमी वाढतो. हनुवटीखाली जुन्या टाक्यांची खूण दिसली की मी तोंड किती उघडतं ते आधी मोजते.

जागेचा हिशोब

सरकलंय कोण हे कळलं की प्रश्न उरतो जागेचा. वरची मध्यरेषा दोन मिलिमीटर उजवीकडे गेली आहे असं धरा. ती डावीकडे आणायची तर डाव्या बाजूला दोन मिलिमीटर मोकळे हवेत आणि उजव्या बाजूला उघडणारे दोन मिलिमीटर भरून निघाले पाहिजेत. तारेत जादू नाही. लोकलच्या सीटवर नुसतं "सरका हो" म्हणून भागत नाही, सरकायला पलीकडे जागा लागते.

फटी असलेल्यांचं नशीब चांगलं. आहे तीच जागा एका बाजूची दुसऱ्या बाजूला वळवायची. थोडीच जागा हवी असेल तर दातांच्या कडा घासून मिळवता येते. एका दाताच्या एका कडेवरून पाव मिलिमीटरपर्यंत इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, काढणं सुरक्षित धरतात, म्हणजे दोन दातांच्या सांध्यापाशी अर्धा मिलिमीटर. असे चार सांधे धरले की दोन मिलिमीटर झाले. "घासणार" म्हटल्यावर पेशंटचा चेहरा पडतो, पण इनॅमलचा बराच जाड थर खाली शिल्लक राहतो.

गर्दी खूप असेल तर उपदाढ, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्या मधल्या दोन दातांपैकी एक, काढावी लागते. एक उपदाढ साधारण सात मिलिमीटर रुंद, त्यामुळे एका झटक्यात ऐसपैस जागा होते. मध्यरेषेच्या केसमध्ये खरी अक्कल इथे लागते. दोन्हीकडची काढायची, एकाच बाजूची काढायची, की एका बाजूला पहिली आणि दुसऱ्या बाजूला दुसरी? सुळ्यापासून जवळची जागा समोरच्या दातांना जास्त मिळते, लांबची जागा दाढा पुढे येऊन खातात. दात काढायचा निर्णय मागे घेता येत नाही. म्हणून मोजमाप न करता, कवळीसारखे साचे किंवा स्कॅन आणि पूर्ण जबड्याचा एक्स-रे न पाहता कुणी पहिल्या भेटीतच "हा एक काढून टाकू" म्हणालं, तर मी तिथून उठेन.

हिशोबात एक छुपं कलमही असतं. वरचे आणि खालचे दात एकमेकांच्या मापाचे असावे लागतात. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट वेन बोल्टन यांनी १९५८ साली हे प्रमाण मांडलं. समोरच्या सहा दातांची रुंदी बेरजेत घेतली तर खालची बेरीज वरच्या बेरजेच्या साधारण ७७ टक्के असते. एखाद्याचा वरचा एक छोटा दात तांदळाच्या दाण्याएवढाच असेल तर हे गणित एका बाजूला फसतं. तारा दोन वर्षं ठेवल्या तरी एकतर फट राहते नाहीतर रेघ चुकते. तो दात कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगने, दुसऱ्या बाजूच्या जोडीदाराएवढा मोठा केला की सुटतं. ऑर्थोडॉन्टिस्टला आठ महिने लागले असते ते काम कॉम्पोझिटने पाऊण तासात होतं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

ओढायचं, पण कुणाला धरून?

दात हाडात सिमेंटसारखा घट्ट बसलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंचा पडदा असतो. दाताला हलका, सततचा दाब दिला की ज्या बाजूला तो दाबला जातो तिथलं हाड पेशी खरवडून टाकतात, आणि ज्या बाजूला तंतू ताणले जातात तिथे नवं हाड भरतं. दात हाडातून असा वाट काढत जातो. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. जास्त जोर लावून हे लवकर होत नाही. उलट पडद्यातला रक्तपुरवठा अडतो, काम थांबतं आणि दुखतं ते वेगळंच.

सुरुवातीला बारीक, लवचिक निकेल-टायटॅनियमची तार घालतात. ती फक्त दात ओळीत आणते. मध्यरेषेचं खरं काम जाड, चौकोनी स्टीलच्या तारेवर होतं, कारण तेव्हाच दात मुळासकट सरकतो. बारीक तारेवर घाई केली तर दात नुसता कलतो. रेघ हिरडीपाशी एका जागी आणि दाताच्या टोकाला दुसऱ्या जागी दिसते. उलट कधीकधी मुळाशी सगळं जागेवर असतं आणि फक्त वरचा भाग कललेला असतो. अशी केस आली की मी खूश, कारण नुसता सरळ केला की दात मधे येतो.

जागा उघडायला दोन दातांमध्ये दाबलेली स्प्रिंग घालतात, जागा मिटवायला दातांवरून रबराची चेन ओढतात. तीच ती, मुलं गुलाबी-निळी रंगात मागतात ती. पहिल्या दिवसातच तिचा बराचसा जोर ओसरतो, म्हणून तीन-चार आठवड्यांनी बदलायला बोलावतात. अपॉइंटमेंट दोन महिने चुकवली तर दात त्या दोन महिन्यांत जवळपास बसूनच राहतात.

आता रस्सीखेच. समोरचे चार दात डावीकडे ओढायचे तर डावीकडच्या दाढेला दोरी बांधतो. पण दोरी दोन्ही टोकांना ओढते. पटाशी डावीकडे येते तशी दाढही पुढे सरकते, आणि मुश्किलीने मिळवलेली जागा मागून गिळली जाते. न्यूटनचा तिसरा नियम दातांनाही लागू आहे. यावर गेल्या काही दशकांत आलेला मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे मिनी स्क्रू. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा, सहा ते दहा मिलिमीटर लांबीचा छोटासा स्क्रू भूल देऊन हिरडीतून थेट हाडात बसवतात, बहुधा उपदाढ आणि दाढेच्या मुळांच्या मधे. हा झाला जमिनीत रोवलेला खुंटा. दोरी त्याला बांधायची, दाढेला धक्का लागत नाही. स्क्रू ऐकून लोकांचे डोळे पांढरे होतात, पण काढताना बहुतेकांना भूलही लागत नाही. तो कधीकधी सैल होतो, मग शेजारी दुसरा बसवायचा.

स्क्रू नको असेल तर रबरं, म्हणजे पेशंटने स्वतः घरी अडकवायची इलॅस्टिक्स. समजा खालची रेघ डावीकडे गेली आहे. डाव्या बाजूला वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत रबर लावायचं, ते खालच्या डाव्या दातांना पुढे आणतं. उजव्या बाजूला उलटं, खालच्या सुळ्यापासून वरच्या दाढेपर्यंत, ते खालच्या उजव्या दातांना मागे नेतं. दोन्ही मिळून खालची रांग उजवीकडे फिरते. कधी यांच्या जोडीला समोरून एक तिरकं रबर, वरच्या उजवीकडून खालच्या डावीकडे. बोलताना ते दिसतं, कॉलेजातली मुलं ते वर्गात शिरताना काढून खिशात टाकतात.

रबरांबद्दल जरा रेंगाळते, कारण मध्यरेषेच्या केसेस बहुतेक इथेच रखडतात. रबर दिवसातले वीसेक तास लावायचं असतं. फक्त जेवताना आणि दात घासताना काढायचं, रोज नवं घ्यायचं. रात्री झोपताना लावलं म्हणजे झालं, असं अनेकांना वाटतं. त्याने दात रात्री थोडा येतो, दिवसा मागे जातो, आणि सहा महिन्यांनी हलणारा, दुखणारा दात जागच्या जागी सापडतो. आणखी एक चूक म्हणजे "मागच्या वेळी विसरलो म्हणून आता दोन-दोन लावतो." दुप्पट रबराने दुप्पट वेग येत नाही. काही कंपन्या पाकिटांवर मापाप्रमाणे प्राण्यांची चित्रं छापतात. तुमचा प्राणी कोणता ते लक्षात ठेवा, भावाच्या पाकिटातलं उचलू नका.

तिरक्या रबराला एक वाईट खोडही आहे. ते बाजूला ओढता ओढता दातांना खालीवरही ओढतं. जास्त महिने ठेवलं तर मध्यरेषा जुळते आणि हसू एका बाजूला उतरतं, भिंतीवरच्या कललेल्या फोटोसारखं. म्हणून डॉक्टर "आता पुरे" म्हणाले की पुरे.

पारदर्शक ट्रे, म्हणजे अलायनर, छोट्या फरकाला चालतात. मुळासकट तीन मिलिमीटर सरकवायचं असेल तर मी अजून तारच निवडते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दात आज्ञाधारकपणे सरकतात, तोंडात तेवढे आज्ञाधारक नसतात.

एक गोष्ट पेशंटनी विचारावी अशी. मध्यरेषा केव्हा सुधारणार? जागा मोकळी असते तेव्हाच, मधल्या टप्प्यात. सगळ्या फटी मिटवून झाल्यावर शेवटच्या तीन महिन्यांत "आता रेघ बघू" म्हटलं तर सीट भरलेली असते. आठव्या-नवव्या महिन्यात आरशासमोर पुन्हा दोरा धरा आणि डॉक्टरांना दाखवा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

जबडाच तिरका असेल आणि वाढ पूर्ण झालेली असेल तर तारा एकट्याने तो सरळ करत नाहीत. तारा आणि शस्त्रक्रिया मिळून करावं लागतं. आधी तारांनी दात आपापल्या जबड्यावर नीट बसवायचे. त्या काळात चेहरा थोडा जास्तच वाकडा दिसतो, हे आधीच सांगितलेलं बरं. मग सर्जन जबडा कापून फिरवतात आणि प्लेट लावतात. फरक थोडा असेल तर दात कलवून तो झाकता येतो, पण हनुवटी आहे तिथेच राहते. कुणाला काय खटकतंय, दात की हनुवटी, ते विचारल्याशिवाय हे ठरवू नये.

कितीला पुरे म्हणायचं

१९९९ साली अमेरिकेत व्हिन्सेंट कोकिच आणि सहकाऱ्यांनी हसऱ्या तोंडांचे फोटो मुद्दाम थोडेथोडे बिघडवून ऑर्थोडॉन्टिस्ट, साधे दंतवैद्य आणि सामान्य लोक अशा तिघांना दाखवले. मध्यरेषा चार मिलिमीटर सरकवल्यावर ऑर्थोडॉन्टिस्टांना खटकली. बाकीच्या दोघांना चार मिलिमीटरलाही कळली नाही. पण पटाशीचा दात दोन मिलिमीटर तिरका केला की तिन्ही गटांनी पकडला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात, पूर्ण चेहऱ्याच्या संदर्भात, दोन मिलिमीटरचा फरक निम्म्याहून जास्त सामान्य लोकांच्या लक्षात आला. दोन्ही मिळून मला जे दिसतं ते असं: एक मिलिमीटर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही आणि सरळ सरकलेल्या दातापेक्षा कललेला दात जास्त डोळ्यात भरतो. शिवाय हसताना बहुतेकांची खालची रेघ मुळात फारशी दिसत नाही.

म्हणून खालची रेघ एक मिलिमीटर बाहेर आहे, दाढा उत्तम बसल्या आहेत, तेवढ्यासाठी आणखी आठ महिने तारा आणि तिरकी रबरं, याला मी नाही म्हणते. तारा जितक्या जास्त काळ तितकी मुळं झिजायची आणि कीड लागायची भीती जास्त. मात्र रेघ चुकलीय आणि एका बाजूच्या दाढाही चुकीच्या बसतायत, चावताना जबडा सरकतोय, तर एक मिलिमीटरचाही शोध घ्यायला हवा. तिथे प्रश्न दिसण्याचा नसतो.

खर्च ऐकून मागे हटणाऱ्यांसाठी: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण, घेणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तारा लावतात. पैसे बाहेरच्यापेक्षा बरेच कमी लागतात, वेळ मात्र जास्त जातो.

तारा साधारण दीड-दोन वर्षांनी निघतात. पण हिरडीतले ताणलेले तंतू त्यानंतरही महिनोन्महिने दाताला जुन्या जागेकडे खेचत राहतात, आणि सरकवलेली मध्यरेषा परत फिरायला फार आतुर असते. म्हणून पटाशीच्या मागे बारीक तार चिकटवतात किंवा काढता-घालता येणारा रिटेनर देतात. पहिले काही महिने दिवसरात्र, मग रात्री, आणि रात्रीचा किती वर्षं असं विचाराल तर रेघ मधे हवी तितकी वर्षं. रिटेनर हरवतो तो बहुतेक हॉटेलात. जेवताना काढून टिशूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवतात आणि वेटर ताटाबरोबर उचलून नेतो. रिटेनरबरोबर प्लॅस्टिकची डबी मिळते, ती बॅगेत ठेवा.